गाळलेला शब्द

ड्यूटी बदलताना अक्का आम्हाला एकच प्रश्न विचारायच्या. पेशंट काय म्हणाला?

मी पुण्यातून साताऱ्याला नवी आले होते. पहिल्याच दिवशी मी सांगितलं, "चार नंबरच्या पोटात वेदना आहेत."

"वेदना हायत असं तो म्हणाला?"

"म्हणजे, दुखतंय म्हणाला."

"दुखतंय म्हणाला का तू म्हणतेस?"

मी परत जाऊन विचारून आले. तो म्हणाला होता, पोटात गच्च धरल्यागत झालंय. अक्कांनी मान हलवली. "हे बघ. दुखतंय म्हटल्यावर तू दुखायची गोळी देणार. गच्च झालंय म्हटल्यावर तू विचारणार, सकाळपास्नं वारा सरला का. त्याचा शब्द हाय तसा माझ्याकडं आण. मधे तुझं भाषांतर नको."

कळ येणं वेगळं, ठणका वेगळा, चमक निघणं वेगळं. गळून गेल्यागत होणं म्हणजे अशक्तपणा असेल, नाहीतर साखर उतरलेली असेल. एखादा म्हातारा 'बरं हाय' म्हणाला तर ते उत्तर त्या धरतच नसत. आपल्याकडं मरणारा माणूसही बरं हाय म्हणतो, मग पुढं काय म्हणाला ते सांग, असं त्यांचं असायचं. कागदावर आम्ही इंग्रजीत लिहायचो, पण तोंडी सांगताना पेशंटचाच शब्द सांगायचा, हा आमच्या वॉर्डचा कायदा होता. तो कुठं लिहिलेला नव्हता. अक्का होत्या तोवर तो होता.

त्यांचं नाव पद्मा चौगुले. सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातल्या. लग्न केलेलं नव्हतं. का, ते कुणी विचारलं नाही. साताऱ्यात एका खोलीत एकट्या राहायच्या. उंच, मजबूत हाडाच्या, पाठीत किंचित वाकलेल्या. पेशंटजवळ गेल्या की कपाळाला हात न लावता आधी पायाला लावायच्या, तोही हाताची मागची बाजू. पायांना खोटं बोलता येत नाही म्हणायच्या. आम्ही सगळ्या त्यांना अक्का म्हणायचो. डॉक्टरही म्हणायचे आणि मग त्यांनाही अक्कांचं ऐकावं लागायचं.

मी आता पन्नाशीला आलेय. त्यांच्या हाताखाली शिकले, त्यांच्या जागेवर बसले. त्यांच्याविषयी लिहावं असं पुष्कळदा वाटलं, पण लिहिता येत नव्हतं. त्यांच्यापासून एक गोष्ट मी अकरा वर्षं लपवली होती. ती सांगितल्याशिवाय त्यांचं कौतुक लिहिणं म्हणजे चोरी झाली असती. आता सांगून झालंय.

एकदा बाळंतिणींच्या खोलीत एक सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, आमचं लेकरू लय गुणाचं, रडतच न्हाई. आम्ही दोघी सहज आत गेलो होतो. बाळ दोन दिवसांचं. दुपट्यात गुंडाळलेलं, गोरंपान, शांत. मलाही ते गोडच वाटलं. अक्का थांबल्या.

"आजी, दोन दिसाच्या लेकराला गुण कुठनं येत्यात? त्याला भूक पायजे."

त्यांनी दुपटं सोडलं, पायाला हात लावला, तळव्यावर टिचकी मारली. बाळानं तोंड वाकडं केलं आणि परत झोपलं. सासूबाई चिडल्या, झोपलेल्या लेकराला कशाला छळता म्हणाल्या. अक्कांनी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघितली. ती इतकी कमी होती की बाळाला त्याच पावली खालच्या मजल्यावर काचेच्या पेटीत न्यावं लागलं. चौथ्या दिवशी ते किंचाळून रडायला लागलं तेव्हा सासूबाई अक्कांना शोधत आल्या. अक्का म्हणाल्या, आता मला ऐकवू नका, मला रडणाऱ्या पोरांचा लय वैताग येतो.

दुसरी आठवण एका मुलीची. बारा वर्षांची असेल. पोटात कळ, अंगात ताप. तिला काही विचारलं की वडील उत्तर द्यायचे. भले गृहस्थ, पण मुलीला बोलायला जागा ठेवत नव्हते. अक्कांनी त्यांना आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स आणायला पाठवलं. झेरॉक्सचं काही काम नव्हतं. ते जिन्यावरून उतरल्यावर अक्का मुलीच्या खाटेवर बसल्या आणि विचारलं, शाळेत लघवीला जातेस का गं? मुलगी खाली बघत म्हणाली, न्हाई, दाराला कडी न्हाई. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ती पोर पाणीही पीत नव्हती.

औषध डॉक्टरांनी लिहिलंच. घरी जायच्या कार्डावर सल्ल्याच्या रकान्यात अक्कांनी आपल्या गोल अक्षरात लिहिलं, शाळेच्या संडासाला कडी बसवणे. डॉक्टरांनी ते खोडलं. अक्कांनी खालच्या ओळीत परत लिहिलं. डॉक्टर म्हणाले, अहो अक्का, हे काय औषध आहे का? त्या म्हणाल्या, औषध तुमचं हाय की वर, हे पथ्य हाय. ते कार्ड घेऊन वडील शाळेत गेले. कडी बसली.

आता त्यांच्या जेवणाविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

अक्का सूर्य मावळल्यावर जेवत नसत. पाणी गाळून पीत, कांदा-बटाटा खात नसत, हे सगळं आम्ही पाहिलेलं. पण ड्यूटीवर दिसायचं ते हे संध्याकाळचं जेवण. दुपारी दोन ते रात्री नऊची पाळी असली की दिवस मावळायच्या आत त्या मागच्या छोट्या खोलीत डबा उघडायच्या. वीस मिनिटं. चेष्टाही खूप व्हायची. आमच्या साताऱ्यात सूर्य यवतेश्वरच्या डोंगराआड लवकर जातो. आम्ही म्हणायचो, अक्का, गेला की सूर्य, आता उपास. त्या म्हणायच्या, गेला न्हाई, तुमच्या डोंगराच्या मागं उभा हाय. आमच्या सांगलीला अजून लख्ख असंल. मग भिंतीवरच्या कॅलेंडरातली सूर्यास्ताची वेळ दाखवायच्या आणि हसत डबा घेऊन जायच्या. जाण्याआधी वॉर्ड मात्र रीतसर सोपवायच्या. एकेक पेशंट, त्याचा शब्द.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळी वॉर्डात सात नंबरला एक सुभेदार होते. सैन्यातून निवृत्त झालेले, लोणंदजवळच्या गावचे. हर्नियाचं ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. साखरेचा जुना आजार. खाटेवरही ताठ बसायचे आणि आम्हाला 'जी' म्हणायचे. त्यांच्या पत्नी हिराबाई औषधं आणायला खाली गेल्या होत्या.

अक्कांना चार वाजल्यापासून त्यांचा रंग आवडत नव्हता. त्यांनी डॉक्टरांना फोन केला होता. ते म्हणाले होते, सातला राउंडला येतो, तेव्हा पट्टी काढून बघू. अक्का त्या दिवशी जेवायला उठतच नव्हत्या. शेवटी मीच म्हणाले, जा अक्का, दिवस मावळायला वीस-पंचवीस मिनिटंच राहिलीत. त्या उठल्या. जाता जाता मला म्हणाल्या, "सात नंबरचं कपाळ कोरडं हाय पण मान वली हाय. त्याच्याकडं बघत ऱ्हा. काय बोलला तर मला हाक मार. तोंडात घास असला तरी मार."

मी इतर दोघांच्या सलाईनच्या बाटल्या बदलल्या. मग सात नंबरकडं गेले. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "मला घाबरल्यागत हुतंय, बाई."

मी हसले. त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "सुभेदारसाहेब, तुम्ही फौजी माणूस, आणि घाबरताय होय?"

ते ओशाळले. मिशीवरून हात फिरवला. "न्हाई, न्हाई. बरं हाय."

मी पुढच्या खाटेकडं गेले.

आमच्या भागात ज्यानं कुणी दवाखान्यात एक दिवस काढलाय त्याला हे माहीत आहे. घाबरल्यागत होणं म्हणजे भीती वाटणं नव्हे. छातीत कालवतं, घाम फुटतो, जीव कासावीस होतो, डोळ्यापुढं पिवळं येतं, त्याला आमची माणसं घाबरल्यागत हुतंय म्हणतात. पुण्यात दहा वर्षं काढल्यानं मी तो शब्द विसरले होते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. माझी आई उन्हातून रानातनं आली की उंबऱ्यावर बसायची आणि म्हणायची, घाबरल्यागत हुतंय, पाणी दे गं. मला तो शब्द चांगला माहीत होता. मला विनोद सुचला होता आणि तो करायचा होता, एवढंच.

दहा-बारा मिनिटांत सुभेदार एका कुशीवर कलंडले. मी ओरडले. अक्का धावत आल्या त्या न धुतलेल्या हातानं. त्यांनी छाती दाबायला सुरुवात केली, डॉक्टर आले, जे जे करतात ते सगळं झालं. मोठा झटका होता. ते गेले.

हिराबाई औषधांची पिशवी घेऊन दारात आल्या. कुणीतरी आया बोलून गेली, सिस्टर जेवायला गेल्या होत्या. अक्कांच्या बोटांना आमटी लागलेली होती, ती सगळ्यांना दिसत होती. हिराबाई रडल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "माझा माणूस जात हुता आन् ही बाई जेवत हुती." हे वाक्य हॉस्पिटलभर झालं, मग लोणंदच्या बाजाराला गेलं, आणि तिथं राहिलं.

त्या गर्दीत अक्कांनी मला कोपऱ्यात घेतलं. "काय बोलला का गं तो?"

"बरं हाय म्हणाले," मी सांगितलं.

हे खोटं नव्हतं. त्यांचे शेवटचे शब्द तेच होते. कागदावरही मी 'तक्रार नाही' असंच लिहिलं, आणि आठ दिवसांनी तिघांच्या चौकशी समितीपुढं तेच सांगितलं. मी तेव्हा कायम झाले नव्हते, मुलगी दहावीला होती, नवऱ्याचं आणि माझं नुकतंच वेगळं झालं होतं. ही कारणं खरी आहेत. त्यांनी काही हलकं होत नाही, म्हणून एका ओळीत लिहून टाकली. समितीनं अक्कांना विचारलं, तुम्ही जागेवर नव्हता हे खरं का? त्या म्हणाल्या, खरं. तुमच्या बाजूनं काही सांगायचंय? त्या म्हणाल्या, न्हाई. डॉक्टरांना फोन केला होता हेदेखील त्यांनी स्वतःहून सांगितलं नाही.

त्यांच्याकडून वॉर्ड काढून घेतला. हॉस्पिटलची एक गाडी खेड्यांतून अंथरुणाला खिळलेल्या माणसांकडं जायची, तिच्यावर त्यांना घातलं. दोन वर्षांनी वॉर्ड माझ्याकडं आला.

अक्का पुन्हा ड्यूटीवर संध्याकाळच्या जेवल्या नाहीत. याची कुणाला खबर नव्हती, कारण त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते डब्यावरून. त्यांचा एकच डबा यायचा, दुपारी रिकामा झालेला. गाडी परत यायला सात-आठ वाजत, दिवस मावळलेला असे. मग जेवण थेट दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर. आठवड्यातले चार-पाच दिवस, नऊ वर्षं. एकदा मी म्हटलं, अक्का, गाडी कुठं झाडाखाली थांबवून वीस मिनिटं खात जा की. त्या म्हणाल्या, असू दे गं, आता पोट शहाणं झालंय. दुसरं काय बोलायचं ते मला माहीत होतं, आणि तेच बोलता येत नव्हतं.

गाडीची माणसं कमी पडली की मी त्यांच्याबरोबर जायचे. एका गावात लकवा झालेले एक आण्णा होते. सून म्हणाली, जेवतच न्हाईत, भरवलं की थुंकत्यात. पाठीला जखम व्हायला लागली होती. मी जखमेकडं वळले. अक्का मात्र सुनेला चटई मागून आण्णांच्या खाटेशेजारी जमिनीवर आडव्या झाल्या, अगदी आण्णांसारखं डोकं करून. सून तोंडाला पदर लावून हसायला लागली. अक्का झोपल्या झोपल्या मला म्हणाल्या, "वैशाली, इथनं काय दिसतंय ठावं हाय का? इन्व्हर्टर आणि गेल्या सालचं कॅलेंडर. मी पण थुंकले असते."

आम्ही तिघींनी मिळून खाट फिरवली, दाराकडं तोंड केलं. बाहेर रस्ता, उसाच्या ट्रॉल्या, समोरच्याचा गोठा. पुढच्या आठवड्यात गेलो तर सून सांगायला धावत आली. समोरच्यानं ट्रॅक्टर यांच्या बांधावरून घातला, तेव्हा आण्णा महिन्याभरात पहिल्यांदा बोलले आणि जे बोलले ते तिला आमच्यापुढं सांगवेना. अक्का खूश झाल्या. "शिवी दिली न्हवं? मग भाकरी पण मागंल."

येताना गाडीत त्या खिडकीकडं तोंड करून बसायच्या. वॉर्डातल्यासारखं कुणाला काय सांगणं, काय विचारणं नाही. पूर्वी त्यांच्याभोवती चार पोरी असायच्या, पेशंटचे शब्द सांगत. आता ड्रायव्हर आणि त्या. एकदा ड्रायव्हरनं मला सांगितलं, तुम्ही नसता तवा अक्का घरी जाईपर्यंत मलाच सांगत्यात, आज कोण काय म्हणालं ते.

त्या निवृत्त झाल्या तेव्हाच्या समारंभात त्यांच्याविषयी बोलायला मला उभं केलं. मी चांगलं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अक्का पहिल्या रांगेत पेढ्याचा कागद घडी करत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या सांगलीला भावाकडं राहायला गेल्या.

यंदा उन्हाळ्यात आमच्या एका शिकाऊ मुलीनं एका आजींच्या कागदावर इंग्रजीत लिहिलं, रुग्ण घाबरलेली आहे, धीर दिला. मी तो कागद वाचला आणि वॉर्डात पळत गेले. आजींना काही झालं नव्हतं. साखर उतरली होती, ग्लासभर साखरपाणी दिल्यावर त्या हसायला लागल्या. मी त्या मुलीला सगळ्यांसमोर इतकं बोलले की ती रडली. मग डोळे पुसत तिनं विचारलं, मॅडम, पेशंटचा शब्द असा धरायला तुम्हाला कुणी शिकवलं?

मी अक्कांचं नाव सांगितलं. ते सांगताना माझा आवाज नेहमीसारखा होता. याचीच मला शिसारी आली. त्या रविवारी मी सांगलीची एसटी धरली.

हळदीच्या पेठेमागं त्यांच्या भावाचं घर. खाली भावाचा संसार, नातवंडं, टीव्ही. वर जिना चढून एक खोली, तिथं अक्का. मला बघून त्यांना आनंद झाला. मला वाटलं होतं त्यापेक्षा त्या बारीक झाल्या होत्या. डाळ निवडत होत्या. मला पाणी दिलं, मुलीचं विचारलं, कोण कोण निवृत्त झालं ते विचारलं. मी उत्तरं देत गेले, आणि एका उत्तराच्या मध्येच सांगून टाकलं की अक्का, सुभेदार मला बोलले होते. मी तुम्हाला हाक मारली नाही.

त्यांचा हात डाळीत थांबला.

"काय बोलला होता?"

"म्हणजे, त्यांना बरं वाटत नव्हतं..."

"तसं नको. त्याचा शब्द सांग."

"मला घाबरल्यागत हुतंय, बाई. असं म्हणाले."

"बाई म्हणाला का सिस्टर?"

"बाई."

"आणि तू?"

मी काय म्हणाले ते सांगितलं. तोच विनोद, त्याच शब्दांत. खालून नातवंडांचा गलका येत होता. 

"फौजी माणूस," त्या म्हणाल्या. "असं म्हटल्यावर परत कशाला तोंड उघडतोय."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही, गप्पही केलं नाही. माझं आटपेपर्यंत थांबल्या, जशा पेशंटची उलटी आटपेपर्यंत थांबायच्या. मग म्हणाल्या, "मला वाटत होतं, मी त्याच्या तोंडावरचं वाचायला चुकले. इतकी वर्षं तेच घोकत होते, काय बघायचं राहिलं आपलं. तो बोलला होता, हे मला आज कळतंय." डाळीतला एक खडा वेचून म्हणाल्या: "पण मी उठले होते. मान वली बघून उठले होते. ते माझं हाय. ते तू घेऊ नको."

मी माफीविषयी काहीतरी म्हणाले.

"तसलं आत्ता काय विचारू नको. माझं अजून ऐकूनच संपलं न्हाई." मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "त्याच्या बायकोला सांगितलंस?"

"नाही."

"मग आधी माझ्याकडं कशाला आलीस? माझा कोण मेलाय?"

तुम्ही येता का बरोबर, असं मी विचारलं. न्हाई म्हणाल्या. मला दारात बघून तिला ती संध्याकाळ पुन्हा दिसंल, तू एकटी जा. मी निघाले तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या नाहीत.

पुढच्या रविवारी मी लोणंदला उतरले आणि रिक्षा करून गावात गेले. हिराबाई एकट्याच राहतात. मुलगाही सैन्यात, सून-नातू त्याच्याबरोबर लांब कुठंतरी. ओसरीवर कांदे पसरले होते. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला ओळखलं, बसा म्हणाल्या, चहा टाकायला उठल्या. मी म्हटलं, चहा नंतर. आधी ऐकून घ्या.

मी सगळं सांगितलं. अक्कांनी फोन केला होता तेही. मला हाक मार म्हणून बजावलं होतं तेही. मला वाटलं आता शिव्या येतील, आणि त्यांची तयारी मी केली होती.

"म्हंजी त्यांनी सांगितलं हुतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तोंडानं?"

"हो."

त्या उठून आतल्या भिंतीवरच्या फोटोसमोर गेल्या. गणवेशातला फोटो. माझ्याकडं पाठ करून म्हणाल्या, "आन् मी ह्यास्नी रोज बोलत हुते. येवढा मोठा दवाखाना, इतक्या बायका, तोंड उघडायचं की वो एकदा. कवा काय सांगायचंच न्हाई म्हंजी कसला सोभाव. रोज बोलत हुते. सांगितलं हुतं की वो तुमी."

मला तोवर वाटत होतं की मी एका बाईचं नाव बुडवलं. त्या माणसानं आयुष्यात एकदा आपलं दुखणं सांगितलं होतं, तेही मी त्याच्याकडून काढून घेतलं होतं आणि त्याच्या बायकोला अकरा वर्षं मुक्या माणसाची विधवा करून ठेवलं होतं, हे मला तिथं ओसरीवर कळलं.

त्या बाहेर आल्या. फक्त विचारलं, त्या बाईचा नंबर हाय का?

मी माझ्या फोनवरून लावला. घाईत व्हिडिओचं बटण दाबलं गेलं. अक्कांचा चेहरा आला. आधी नुसतं कपाळ आणि छताचा पंखा, मग नीट. मी फोन हिराबाईंच्या हातात दिला. मग हिराबाई म्हणाल्या, "बाई, मी तुमास्नी लय बोलले वो. बाजारात, देवळात, समद्यास्नी सांगितलं."

"सांगणारच की," अक्का म्हणाल्या. "मी उठले होते, वहिनी."

मी तिथं थांबणं बरं नव्हतं. अंगणात जाऊन उभी राहिले. आतून बोलणं येत होतं, पण शब्द कळत नव्हते. मध्ये एकदा हिराबाई रडल्या, आणि मग, मला खरं वाटेना, हिराबाई हसल्या. सुभेदारांचंच काहीतरी सांगत असाव्यात. अक्का मध्येच काहीतरी विचारायच्या, हिराबाई भरभरून सांगायच्या. त्या दोघींत माझं नाव निघालं का, ते मला ऐकू आलं नाही. निघायचं म्हटलं तर रिक्षावाला केव्हाचा तयार होता. पण फोन माझा होता, तो परत मिळेपर्यंत मला थांबणं भाग होतं.

अर्ध्या तासानं हिराबाईंनी बाहेर येऊन तो माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. कॉल चालूच होता. अक्का चष्मा काढून पदरानं पुसत होत्या. चष्मा नसल्यामुळं समोर आता मी आहे हे त्यांना दिसलं नसावं. मी "अक्का" म्हणाले, पण हळूच. त्यांनी चष्मा न लावताच फोनकडं मान वाकवली, फोन बंद करायचं बटण शोधलं, आणि त्यांचं बोट जवळ येत येत सगळ्या पडद्याएवढं मोठं झालं.